स्टेनलेस हेडरलाही गंज चढतो

मोटारीचा हेडर पाइप स्टेनलेसचा आहे, म्हणजे गंजणारच नाही, असे गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगू नये. मालातील ऐब सांगूनच माल विकावा. ४०९ जातीत क्रोमियम जेमतेम ११ टक्के. त्यावर तांबूस थर येतोच. ३०४ मध्ये क्रोमियम १८ व निकेल ८ टक्के, म्हणून भावही चढा. घेताना लोहचुंबक लावून पाहावे. ४०९ ला तो घट्ट चिकटतो.

पण चांगला मालही पुष्कळदा आपल्याच कारखान्यात बिघडतो. लोखंडावर वापरलेला तारेचा ब्रश स्टेनलेसवर फिरवला की लोखंडाचे कण रुततात आणि गंज तेथूनच सुरू होतो. ब्रश, चकती वेगळी ठेवावी. वेल्डिंगचा निळा-काळा डागही काढावा. कोकणपट्टीची खारी हवा तर ३०४ लाही सोडत नाही (आमच्या रंगाईच्या टाक्यांचा मिठाबाबत हाच अनुभव). तेथे पाइप थंड झाल्यावर गोड्या पाण्याने धुवावा. त्यावर पट्टी गुंडाळू नये, ती ओल धरते.