कागदाची घडी आणि भूमितीचा पेपर

भूमिती म्हटली की आपल्याकडे पक्ष, साध्य, रचना, सिद्धता हे चार शब्द आठवतात आणि त्यांच्या मागोमाग पाठांतर. पण मुले उदाहरण सोडवताना खरोखर काय करतात, हे त्यांच्या शेजारी बसून पाहण्यासारखे असते.

माझ्याकडे संध्याकाळी नववीची तीन मुले अभ्यासाला बसतात. त्यांना मी एक साधे उदाहरण घातले. १० सें.मी. बाजूचा चौरस आहे. चारही बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडले, तर आतल्या चौकोनाचे क्षेत्रफळ किती? एकाने पायथागोरसचे प्रमेय लावून ५० चौ.सें.मी. उत्तर काढले. दुसऱ्याने आलेखाच्या कागदावर आकृती आखून घरे मोजली. मुलीने मात्र चौकोनी कागद घेऊन चारही कोपरे मध्यावर दुमडले. आतला चौकोन नेमका झाकला गेला. म्हणजे अर्धा! उत्तर तिघांचे एकच, पण तिने दबक्या आवाजात विचारले, "काका, हे पेपरात चालेल का?"

प्रश्न रास्त होता. घडी म्हणजे सिद्धता नव्हे. पण सिद्धतेची वाट तिच्यातूनच जाते. दुमडलेला प्रत्येक कोपरा हा काटकोन त्रिकोण. त्याच्या काटकोनाच्या बाजू ५-५ सें.मी. तो ज्या त्रिकोणावर बसतो, त्याच्याही तेवढ्याच. बाकोबा कसोटीने दोन्ही एकरूप. तिने चार ओळींत हे लिहिले आणि घडी पेपरात शिरली.

मग मी चौरसाऐवजी एक वेडावाकडा चौकोन काढून दिला. आता कोपरे मध्यावर जुळेनात. घरे मोजून अर्ध्याच्या जवळपास उत्तर आले, पण ते त्या एका आकृतीपुरते. इथे चौकोनाचे कर्ण काढावे लागले आणि मध्यबिंदूच्या प्रमेयाने काम केले. आत समांतरभुज चौकोन तयार होतो आणि त्याचे क्षेत्रफळ पुन्हा निम्मेच! फ्रेंच गणिती व्हारिन्यों यांच्या नावाने ओळखले जाणारे हे प्रमेय १७३१ साली प्रसिद्ध झाले.

चित्रही कधी चकवते. चौरस कोपऱ्यावर उभा केला, की कितीतरी मुले त्याला शंकरपाळी म्हणतात, चौरस म्हणत नाहीत. म्हणून एकाच मांडणीवर विसंबून भागत नाही. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'बीजगणित' ग्रंथात कर्णावरच्या चौरसात चार सारखे काटकोन त्रिकोण बसवले, मधे उरलेला छोटा चौरस त्यांत मिळवला आणि पायथागोरसचा नियम दाखवला. आकृती आणि आकडेमोड तिथे हातात हात घालून चालतात.

घरी मूल भूमितीला बसले असेल आणि कागद दुमडत असेल, तर "खेळ पुरे, वही घे" असे म्हणण्याची घाई नको. "तुला काय दिसले, ते मला सांग," एवढेच म्हणावे. सांगता सांगता ते लिहूही लागते.