आधी बाबा, मग आई!

बालदोस्तांनो, जळकोटच्या बाजारात चिलापी मासा पाहिलाय का? त्याची एक गंमत आहे, पण ती शेवटी. आधी जरा कोकणात जाऊ या.

रायगड जिल्ह्यात, अलिबाग-पेणकडे, जिताडा हा मोठ्या मानाचा मासा. खाडीतली त्याची पिल्लं आणून लोक घराजवळच्या तळ्यात वाढवतात. गाभोळी, म्हणजे माशाच्या पोटातली अंडी, लहान जिताड्यात शोधून पाहा. मिळणारच नाही! कारण जिताडा आधी नर असतो. तीन-चार वर्षांचा झाला की तो बाप होऊ शकतो. पुढे सहा-आठ वर्षांचा, तीन फुटांच्या आसपास झाला की तोच मासा मादी होतो. कालचा बाबा आज आई!

ही किमया संप्रेरकांची, म्हणजे हार्मोन्सची. ही शरीरातली पोस्टमन मंडळीच म्हणा ना. रक्तातून फिरत निरोप पोचवतात. आठवी-नववीतल्या दादाचा आवाज फुटतो ना, तोही त्यांच्याच निरोपामुळे. नर जिताड्याच्या अंगात टेस्टोस्टेरॉन असतं. अरोमॅटेज नावाचं विकर त्याचंच इस्ट्रोजेन, म्हणजे मादीचं संप्रेरक, बनवतं. ते वाढलं की वृषण विरत जातं आणि तिथे अंडाशय तयार होतं. आपल्या अंगातही हे विकर आहे बरं का, पण म्हणून माणसाचं असं काही होत नाही.

पण हा उपद्व्याप कशासाठी? मोठ्या पोटात जास्त अंडी मावतात. बाप लहान असला तरी चालतो. मोठी मादी लाखो अंडी घालते, तीही नदीच्या मुखाजवळ, खाऱ्या पाण्यात. गोड्या तळ्यात जिताड्याची वीण होतच नाही. म्हणून मोठा जिताडा जाळ्यात आला की लाखो अंड्यांची आई जाते, आणि लहान गेला तर तो आई व्हायच्या आधीच संपतो! चेन्नईच्या निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यशेती संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याची पिल्लं केंद्रात तयार करून दाखवली, ती अशा वेळी फार मोलाची वाटतात.

आता आपली चिलापी. मूळची आफ्रिकेची, भारतात आली १९५२ मध्ये. ती आपणहून बदलत नाही, माणूस बदलवतो! अगदी लहान पिल्लांना तीन-चार आठवडे नराचं संप्रेरक मिसळलेलं खाद्य दिलं, की जवळजवळ सगळी नर होतात. मादी नको, कारण ती भराभर विते आणि तळं बोटभर माशांनी भरून जातं. शिवाय ती अंडी-पिल्लं स्वतःच्या तोंडात सांभाळते. तेवढे दिवस बिचारीला उपास! मग ती वाढणार कशी?