निकालाला पुराव्याचा आधार आहे का?

दिवाणी दाव्याचा निकाल विरुद्ध गेला की कोर्टाच्या आवारात ठरलेली वाक्ये कानावर पडतात. 'साहेबांनी आमचं ऐकलंच नाही', 'त्यांचे साक्षीदार धडधडीत खोटं बोलले', 'आता वरच्या कोर्टात बघून घेऊ'. या बोलण्यामागची हळहळ खरी असते. हातून गेलेली गोष्ट कधी वडिलोपार्जित जमीन असते, कधी राहते घर, कधी आयुष्यभराची पुंजी. पण अपील हळहळीवर चालत नाही. वरच्या कोर्टाला एकच गोष्ट पटवून द्यावी लागते. खालच्या न्यायाधीशांनी जो निष्कर्ष काढला, त्याला त्या दाव्यात आलेल्या पुराव्याचा आधार नाही, आणि हे आम्ही पानागणिक दाखवू शकतो. आज आपण नेमके हेच समजून घेऊ.

आधी एक-दोन शब्दांची ओळख करून घेतली पाहिजे. न्यायाधीश कारणांसह जे लिहितात ते निकालपत्र. त्या निकालाने कोणाला काय मिळाले हे सांगणारा औपचारिक दस्तऐवज म्हणजे हुकूमनामा. अपील होते ते हुकूमनाम्याविरुद्ध, पण त्यातले दोष शोधायचे ते निकालपत्रात. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हा कायदा सांगतो की, न्यायाधीशांनी दाव्यातील मुद्दे, त्यावरचे निष्कर्ष आणि त्या निष्कर्षांची कारणे दिली पाहिजेत. म्हणून निकालपत्र हातात आले की शेवटचे पान उघडून 'दावा मंजूर' की 'नामंजूर' एवढेच पाहू नये. प्रत्येक मुद्द्यापुढे कोर्टाने काय उत्तर दिले आणि ते कशावरून दिले, हे शोधावे.

पारडे कोणत्या बाजूला झुकते?

फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे शाबित व्हावा लागतो. दिवाणी दाव्यात तसे नसते. दोन्ही बाजूंचा पुरावा तराजूत घातल्यावर कोणाचे म्हणणे अधिक संभवनीय वाटते, हे पाहिले जाते. साक्षीदार किती आणले याला महत्त्व नाही. एका साक्षीदारावरही निकाल देता येतो. पुरावा मोजायचा नसतो, तोलायचा असतो.

पुण्यातील एका दांपत्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली दिलेला निकाल या बाबतीत आजही आधाराला घेतला जातो. न्या. यशवंत चंद्रचूड यांनी त्यात संभवनीयतेची ही कसोटी उलगडून सांगितली. याबरोबरच आणखी एक लाखमोलाची गोष्ट लक्षात ठेवावी. पुराव्यावरून अनुमान काढणे हे कोर्टाचे कामच आहे, पण अनुमान आणि नुसता अंदाज यांच्यामध्ये एक रेघ असते आणि तिचे भान कोर्टाने ठेवले पाहिजे. 'निष्कर्षाला पुराव्याचा आधार नाही' असे आपण म्हणतो तेव्हा, न्यायाधीशांनी ही रेघ ओलांडली, असेच आपले म्हणणे असते.

एक उदाहरण

समजा, दोन शेतकऱ्यांचे गट एकमेकांना लागून आहेत. एकाने दावा लावला की, शेजाऱ्याने बांध कोरून माझी सहा गुंठे जमीन दाबली. वादीने आपली साक्ष दिली, मोजणीचा नकाशा दाखल केला आणि आपल्या मेहुण्याला साक्षीला आणले. प्रतिवादीने कैफियतीत म्हटले की, बांध जुनाच आहे. कोर्टाने दावा मंजूर करून सहा गुंठ्यांचा ताबा देण्याचा हुकूम केला. आता प्रतिवादीला अपील करायचे आहे. त्याने काय शोधावे?

पहिली गोष्ट, जिथे पुरावाच नाही अशी जागा. सहा गुंठे हा आकडा कुठून आला? नकाशावरून. पण नकाशा काढणारा मोजणीदार साक्षीला आला होता का? सरकारी अधिकाराने तयार झालेले नकाशे अचूक आहेत असे कायदा गृहीत धरतो. मात्र खटल्यासाठी म्हणून मुद्दाम काढलेला नकाशा अचूक आहे, हे शाबित करावेच लागते. पुराव्याच्या १८७२ च्या कायद्यात हा नियम होता, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. मोजणीदाराची साक्ष नसेल आणि नकाशा दुसऱ्या कोणत्याही मार्गाने शाबित झालेला नसेल, तर सहा गुंठ्यांचा आकडा अधांतरी राहतो.

इथे एक खाचही आहे. दस्त शाबित करण्याच्या पद्धतीवरची हरकत, त्यावर निशाणी पडते त्याच वेळी घ्यावी लागते. तेव्हा गप्प बसून अपिलात ती काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली स्पष्ट केले आहे. म्हणून नकाशाला निशाणी पडली त्या दिवशी आपल्या वकिलांनी हरकत नोंदवली होती का, हे रोजनाम्यात आणि साक्षीच्या कागदात पाहावे.

दुसरी गोष्ट, वगळलेला पुरावा. मेहुण्याने उलटतपासात कबूल केले की, गेल्या दहा वर्षांत मी त्या शेतात गेलेलो नाही. निकालपत्रात त्याच्या सरतपासाचा उल्लेख आहे, पण या कबुलीबद्दल एक अक्षर नाही. निकाल फिरवू शकेल असा पुरावा विचारातच घेतला नसेल, तर तो गंभीर दोष ठरतो.

तिसरी गोष्ट, चुकीचा वाचलेला पुरावा. निकालपत्र म्हणते की, मोजणीची नोटीस प्रतिवादीला मिळाली होती. प्रत्यक्षात निशाणी असलेल्या नोटिशीवर 'इसम गावी नाही' असा शेरा आहे. इथे वाद मताचा नाही. कागद एक सांगतो आणि निकालपत्र दुसरेच सांगते.

चौथी गोष्ट, उलटे टाकलेले ओझे. 'अतिक्रमण केले नाही, हे प्रतिवादीने शाबित केलेले नाही' असे वाक्य निकालपत्रात आढळले तर त्याखाली रेघ मारावी. अतिक्रमण झाले असे जो म्हणतो, त्यानेच ते शाबित करायचे असते.

हाच हिशेब हरलेल्या वादीला मात्र जड जातो. 'शाबित झाले नाही' म्हणून दावा गेला असेल, तर समोरच्याकडे पुरावा नव्हता असे म्हणून भागत नाही. आपण दिलेला पुरावा पुरेसा होता आणि कोर्टाने तो विनाकारण बाजूला सारला, हे वादीला दाखवावे लागते.

साक्षीदार खोटा बोलला, मग?

हे कारण सर्वांत जास्त सांगितले जाते आणि सर्वांत कमी चालते. साक्षीदार पिंजऱ्यात कसा उभा राहिला, कुठे अडखळला, हे खालच्या न्यायाधीशांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. वरच्या कोर्टापुढे फक्त कागद असतात. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांपासून, १९५१ च्या निकालसंग्रहात छापलेल्या एका निवाड्यापासून, तत्त्व असे आहे की, तोंडी साक्षीवर कोणावर विश्वास ठेवायचा याबाबत खालच्या कोर्टाचे मत सहसा बदलू नये. मात्र साक्षीतली एखादी महत्त्वाची गोष्ट त्या कोर्टाच्या नजरेतून निसटली असेल, किंवा ती हकीकतच असंभवनीय असेल, तर हस्तक्षेप करता येतो. म्हणून 'खोटा बोलला' असे लिहिण्यापेक्षा, 'तारखेबाबत त्याची साक्ष अमुक निशाणीच्या पावतीशी विसंगत आहे' असे लिहिलेले अपील जास्त वजनदार असते.

पहिले अपील, खरी संधी

पहिल्या अपिलात वस्तुस्थिती आणि कायदा, दोन्हींचा पुनर्विचार होतो. पहिल्या अपिलाचा हक्क मोलाचा आहे, अपील कोर्टाने पुराव्याचा स्वतः विचार केल्याचे त्याच्या निकालपत्रातून दिसले पाहिजे, आणि खालचा निकाल फिरवायचा तर त्यातील कारणांना थेट भिडले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली बजावले आहे. दाव्याच्या मूल्याप्रमाणे हे अपील जिल्हा न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात जाते.

मुदत मात्र डोळ्यात तेल घालून सांभाळावी. जिल्हा न्यायालयातील अपिलाला हुकूमनाम्याच्या तारखेपासून ३० दिवस, उच्च न्यायालयातील अपिलाला ९० दिवस. प्रमाणित नक्कल मिळायला लागलेला आवश्यक वेळ यातून वगळला जातो, म्हणून नकलेचा अर्ज लगेच करावा. उशीर झालाच तर पुरेसे कारण दाखवून माफी मागता येते, पण ती मिळेलच अशी खात्री नाही.

दुसरा गैरसमज असा की, अपील दाखल केले म्हणजे निकाल आपोआप थांबला. तसे होत नाही. स्थगितीचा वेगळा अर्ज करून हुकूम मिळवावा लागतो, नाहीतर अपील पडून असतानाच दरखास्त चालून ताबा जाऊ शकतो. पैशाच्या हुकूमनाम्यात रक्कम जमा करण्याची किंवा जामीन देण्याची अट येऊ शकते.

अपिलातली कारणे थोडक्यात, अनुक्रमांक घालून, युक्तिवाद न करता लिहावीत, असे संहितेतच म्हटले आहे. जे कारण लिहिले नाही ते पुढे कोर्टाच्या परवानगीशिवाय मांडता येत नाही. शिवाय नुसती चूक दाखवून भागत नाही. दाव्याच्या गुणदोषांवर किंवा कोर्टाच्या अधिकारितेवर जिचा परिणाम होत नाही, अशा चुकीसाठी हुकूमनामा फिरवला जात नाही. प्रत्येक कारणापुढे आपणच विचारावे, ही चूक झाली नसती तर निकाल वेगळा लागला असता का?

'तेव्हा राहिलेला कागद आता देतो' असेही सहसा चालत नाही. खालच्या कोर्टाने तो पुरावा चुकीने नाकारला असेल, पुरेशी खबरदारी घेऊनही तो तेव्हा मिळाला नसेल, किंवा निकाल देण्यासाठी अपील कोर्टालाच त्याची गरज वाटली, तरच परवानगी मिळते. मूळ दाव्यातली भोके बुजवण्यासाठी अपील नसते.

आणि अपील जिंकले तरी काय मिळेल, याचाही विचार आधी करावा. कोर्ट निकाल फिरवू शकते, कायम करू शकते, किंवा दावा खाली परत पाठवू शकते. आपल्या उदाहरणात कोर्टाने नव्याने मोजणी करण्यासाठी कमिशनर नेमला आणि त्या मोजणीत सहा गुंठे खरोखरच दाबलेले निघाले, तर प्रतिवादीने इतकी वर्षे आणि पैसा घालून पराभव फक्त पुढे ढकलला, असे होईल.

दुसऱ्या अपिलाचे अरुंद दार

पहिल्या अपिलातही हरल्यावर उच्च न्यायालयात दुसरे अपील करता येते, पण तिथे पुराव्याची फेरतपासणी होत नाही. वस्तुस्थितीचा निष्कर्ष कितीही चुकीचा असला तरी केवळ त्यासाठी दुसरे अपील नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १८९० सालीच सांगितले होते. १९७६ च्या दुरुस्तीने हे दार आणखी अरुंद झाले. आता कायद्याचा सारभूत प्रश्न असेल तरच ते उघडते.

तरीही एक फट शिल्लक आहे. खालच्या कोर्टांनी महत्त्वाचा पुरावा दुर्लक्षिला, पुरावा नसताना निष्कर्ष काढला, किंवा शाबितीचे ओझे चुकीच्या पक्षावर टाकले, तर तो कायद्याचा प्रश्न बनतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले. 'पुरावा नाही' म्हणजे काय, हेही तिथे स्पष्ट केले आहे. कागदांत एक अक्षरही नसणे एवढाच त्याचा अर्थ नाही. सगळा पुरावा एकत्र घेतला तरी कोणत्याही समंजस माणसाला त्यावरून तो निष्कर्ष काढता येणार नाही, अशी स्थितीही त्यात येते. अशा निष्कर्षाला वकिली भाषेत 'विपर्यस्त' म्हणतात. पण 'दुसरेही मत शक्य होते' म्हणजे विपर्यस्त नव्हे. फरक बारीक वाटतो, आणि बहुतेक दुसरी अपिले तिथेच अडतात.

तेव्हा निकाल विरुद्ध गेला तर पहिल्या आठवड्यातच तीन कामे करावीत. निकालपत्र, हुकूमनामा, साक्षी आणि निशाणी असलेल्या कागदांच्या नकला मागवाव्यात. एका वहीच्या डाव्या बाजूला कोर्टाचा प्रत्येक निष्कर्ष आणि उजव्या बाजूला त्याला आधार देणारी साक्ष किंवा निशाणी लिहावी. मग ती वही घेऊन वकिलांकडे बसावे. वकिलांची फी परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा संस्थेकडे अर्ज करता येतो. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती तिथे उत्पन्न कितीही असले तरी पात्र असतात.

उजवी बाजू जिथे कोरी राहील, तिथे तुमचे अपील आहे. ती सगळीकडे भरलेली निघाली, तर तेही वेळीच कळलेले बरे. मग तडजोडीचा विचार करावा आणि पुढची दहा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यातून वाचवावीत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)