भिन्न प्रकारच्या स्थानिक जाळ्यांमधील ब्रिज आणि मुक्त मानके

आय-ट्रिपल-ई या संस्थेच्या ८०२ समितीचे काम फेब्रुवारी १९८० मध्ये सुरू झाले, तेव्हा सर्व स्थानिक संगणक जाळ्यांसाठी एकच मानक असावे असा हेतू होता. तो साधला नाही. इथरनेटवर आधारलेले ८०२.३ आणि आयबीएमने पुरस्कारिलेल्या टोकन रिंगचे ८०२.५ ही मानके वेगवेगळी मान्य झाली. ४८ बिटांचा पत्ता मात्र दोहोंत समान राहिला. त्यामुळे पत्ता पाहून फ्रेम पलीकडे सोडणे एवढेच ब्रिजचे काम असावे, असे वरकरणी वाटते.

अडचण बिटांच्या क्रमात होती. इथरनेट प्रत्येक बाइटमधील सर्वांत कमी मूल्याचा बिट प्रथम पाठवते, तर टोकन रिंग सर्वांत अधिक मूल्याचा. परिणामी, एकच पत्ता दोन्हीकडील संगणकांच्या स्मृतीत परस्परांच्या उलट लिहिला जातो. षोडशमान पद्धतीतील १२ हा बाइट पलीकडे ४८ होतो. फ्रेमच्या शीर्षभागातील पत्ता ब्रिज उलटवू शकतो. परंतु एआरपी या नियमावलीचे संदेश आपला पत्ता माहितीच्या भागातही वाहून नेतात, आणि तो भाग उघडणे हे ब्रिजचे काम नव्हे. तसा संदेश मिळालेला संगणक अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर फ्रेम पाठवत बसतो. यावर उपाय म्हणून काही ब्रिजांना एआरपी ओळखून आतील पत्ता बदलावा लागला. म्हणजे स्तरांचे जे विभाजन मानकाने आखले, तेच मोडावे लागले.

फ्रेमच्या आकाराचा प्रश्न याहून सरळ, पण निरुत्तर करणारा होता. टोकन रिंगची ४,००० बाइटांची फ्रेम १,५०० बाइट माहितीची मर्यादा असलेल्या इथरनेटवर जाऊ शकत नाही, आणि या स्तरावर फ्रेमचे तुकडे करण्याची सोयच नाही. ब्रिज ती टाकून देतो. पाठवणाऱ्यास त्याची सूचनाही मिळत नाही!

मार्गनिवडीतही मतभेद होताच. डिजिटल इक्विपमेंट कंपनीतील रेडिया पर्लमन यांची स्पॅनिंग ट्री पद्धती १९९० च्या ८०२.१डी मानकाने स्वीकारली. आयबीएमच्या पद्धतीत संपूर्ण मार्ग पाठवणारा संगणकच फ्रेममध्ये लिहीत असे. दोन्ही पद्धती जाणणारा ब्रिज पुढे मानकात आला, तरी मार्ग लिहिलेली फ्रेम इथरनेटला परकीच राहिली.

टोकन रिंग आज वापरातून गेली आहे. भिन्न जाळी जोडणारा ब्रिज मात्र महाविद्यालयांच्या भिंतींवर वाय-फायचा अ‍ॅक्सेस पॉइंट या रूपाने टिकून आहे. तो ८०२.११ ची फ्रेम ८०२.३ मध्ये रूपांतरित करतो. तेथे बिटांचा क्रम इथरनेटचाच ठेवलेला असल्याने एआरपीच्या संदेशास हात लावावा लागत नाही.