हिमालयातील वनौषधी : अभ्यासदौऱ्याचा ऋतुविचार

चरकाचार्यांनी औषधी उत्पन्न करणाऱ्या भूमींमध्ये हिमवंताला अग्रस्थान दिले आहे. शार्ङ्गधरांनी विंध्यादी पर्वतांना आग्नेय आणि हिमगिरीला सौम्य म्हटले आहे. ही वचने आपण विद्यार्थिदशेतच मुखोद्गत करतो. परंतु कुटकी, अतिविषा किंवा जटामांसी जमिनीत उभी असताना पाहिलेले वैद्य आणि औषधी निर्माते आपल्यामध्ये किती असतील? आरोग्यवर्धिनीत इतर सर्व घटकांइतकी एकटी कुटकी पडते. म्हणजे आपल्या निर्माणशाळेतील प्रत्येक घाणीचा अर्धा भाग ज्या डोंगरातून येतो, तो डोंगर आपण पाहिलेलाच नाही.

असा दौरा काढण्याचे मनात आले की पहिला प्रश्न येतो तो काळाचा. आपली सुटी मे महिन्यात असते म्हणून मे महिन्यात निघणे, हा मार्ग पर्यटकाचा झाला. द्रव्यसंग्रहणाचा विचार करताना चरकाचार्य कल्पस्थानात मुळांसाठी ग्रीष्म अथवा शिशिर सांगतात आणि त्याबरोबरच पाने गळून गेलेल्या किंवा नुकतीच फुटलेल्या वनस्पतींचा निर्देश करतात. हिमालयात शिशिरात तर ही झाडे बर्फाखाली असतात. मग हे वचन तेथे कसे लावावे? प्रस्तुत लेखकाच्या मते येथे महिन्याच्या नावापेक्षा पानांची अवस्था प्रमाण मानावी. ज्या वेळी वनस्पतीचे वीर्य पानाफुलांत नसून मुळात साठलेले असते, तो काळ आचार्यांना अभिप्रेत आहे. तीन हजार मीटरच्या वर ही अवस्था वर्षातून दोनदा येते : बर्फ वितळून अंकुर दिसू लागतात तेव्हा, आणि पहिला बर्फ पडण्याच्या आधी पाने पिवळी पडून जमिनीवर लोळतात तेव्हा.

उदाहरणादाखल गढवालमधील चोपता-तुंगनाथ हा परिसर घेऊ. ऋषिकेशहून देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग व उखीमठ या मार्गाने चोपत्यास पोहोचता येते. चोपता सुमारे २,७०० मीटर उंचीवर, तर तुंगनाथाचे मंदिर ३,६८० मीटरवर आहे. मधले अंतर चार किलोमीटरांच्या आतले. इतक्या थोड्या चालीत देवदार-बुरांसाच्या वनातून उघड्या गवताळ बुग्यालात जाता येते, ही सोय अन्यत्र क्वचितच मिळते.

एप्रिलच्या आसपास खालच्या वनात बुरांस फुललेला असतो, पण वर बर्फ शिल्लक असतो. अक्षय तृतीयेच्या सुमारास चारधामची दारे उघडू लागतात आणि मे-जूनमध्ये रस्ते, वाहने, खोल्या सारे यात्रेकरूंनी भरून जाते. शिवाय याच दिवसांत वरच्या गावांतील बरेच जाणते लोक कीडाजडी गोळा करण्यासाठी उंच रानात गेलेले असतात, त्यामुळे वनस्पती दाखविणारा माणूस मिळणे दुर्घट होते. अंकुर पाहावयास मिळतात हे खरे. पण नवख्याला केवळ अंकुरावरून वनस्पती ओळखता येत नाही.

ओळख पटते ती फुलांवरून, आणि फुले येतात पावसात. जुलै-ऑगस्टमध्ये बुग्यालाचे रूप काय वर्णावे! याच काळात पुष्पघाटीही बहरलेली असते. ते राष्ट्रीय उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर खुले असते. आत मुक्काम करता येत नाही आणि एक पानही तोडता येत नाही. द्रव्यगुणाच्या विद्यार्थ्यांना हाच ऋतू उपयोगी. मात्र दरडींचा धोका याच महिन्यांत सर्वाधिक. १६ व १७ जून २०१३ रोजी मंदाकिनीच्या खोऱ्यात काय घडले, हे कोणी विसरलेले नाही. उखीमठाचा रस्ता त्याच नदीच्या काठाने जातो. पावसाळी दौऱ्यात किमान तीन दिवस मोकळे ठेवावेत आणि परतीचे आरक्षण घट्ट धरून बसू नये.

औषधी निर्मात्यांनी मात्र सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ निवडावा, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते. पाऊस ओसरलेला, आकाश निवळलेले, बी तयार होऊन गळू लागलेले, आणि खणणीचा हंगाम सुरू. अतिविषेचे मूळ या वेळी पाहण्यासारखे असते. त्या वर्षी फुललेला जुना कंद रिकामा, सुरकुतलेला असतो. त्याच्या शेजारी पुढील वर्षाचा नवा कंद भरलेला, पांढुरका व ठिसूळ. तोच औषधात घ्यावयाचा. बाजारात येणाऱ्या मालात जुने पोकळ कंद किती असतात, हे एकदा जमिनीतील जोडी पाहिल्यावरच कळू लागते. बी गळण्यापूर्वीच खणलेल्या रोपाचा कंद अपुरा भरतो आणि पुढची पिढीही बुडते. लागवडीतील अतिविषा काढणीस येण्यास तीन-चार वर्षे लागतात, हे ध्यानात घेतले तर तिचा भाव ऐकून आपण नाक मुरडणार नाही.

येथे एक सावधगिरी सांगणे प्राप्त आहे. वत्सनाभ हाही अतिविषेच्याच प्रजातीतला. वैद्यमंडळींना द्रव्य जिभेवर ठेवून पाहण्याची सवय असते. बुग्यालातील अनोळखी कंदाच्या बाबतीत ती कटाक्षाने टाळावी. अतिविषा बालचातुर्भद्रात पडते व ते चूर्ण बालकांना दिले जाते, यावरून ओळखीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. अतिविषेच्या अभावी मुस्ता घ्यावी, ही प्रतिनिधी द्रव्याची सोय भावप्रकाशाच्या आधारे सांगितली जाते. पण बालचातुर्भद्रात मुस्ता आधीच आहे. मग त्या चूर्णाचे चातुर्भद्रत्व ते काय उरले?

कुटकीच्या बाबतीतही असाच विवेक हवा. पश्चिम हिमालयातील कुटकी आणि नेपाळ-सिक्कीमकडील कुटकी या वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोन भिन्न जाती आहेत. बाजारात मात्र दोन्ही एकाच नावाने विकल्या जातात. कुटकी व जटामांसी या दोन्ही सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, तर कुष्ठ पहिल्या परिशिष्टात आहे. दौऱ्यात हौसेखातर दोन मुळ्या उपटून पिशवीत टाकणे म्हणूनच अनुचित, आणि परवान्याशिवाय बेकायदाही. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांत रात्रीचा मुक्काम करण्यास मनाई केली. तेव्हा तंबू ठोकून राहण्याचे बेत न आखता चोपता किंवा खालच्या गावांतच उतरावे.

नमुने हाताळून पाहावयाचे असल्यास गढवाल विद्यापीठाच्या श्रीनगर येथील उच्चपर्वतीय वनस्पती संशोधन केंद्राशी आधी पत्रव्यवहार करावा. चोपत्याहून गोपेश्वरकडे उतरताना मंडल येथे राज्य शासनाची जडीबुटी शोध व विकास संस्था लागते. लागवड करणाऱ्या शेतकऱ्यांची नोंदणी या संस्थेमार्फत होते. शेतातील मालाची कागदपत्रे कशी असतात, वाहतुकीचा रवन्ना कोण देतो, हे तेथे समजून घेतले तर पुढील खरेदीत दलालाच्या शब्दावर विसंबावे लागत नाही.

कुष्ठाची शेती पाहावयाची असेल तर वाट निराळी, हिमाचलातील लाहौलची. पूर्वी रोहतांग घाट बंद झाला की हे खोरे महिनोन् महिने तुटत असे. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून ती अडचण पुष्कळ कमी झाली. तरीही हिवाळ्यात तेथे जाऊन बर्फाखेरीज काहीच दिसणार नाही. हिवाळ्याचा उपयोग अमृतसरच्या मजीठ मंडीसारख्या पेठा पाहण्यासाठी करावा. शरदात खणलेला माल तोवर तेथे आलेला असतो.

प्रकृतीविषयी थोडे. कोकणातून किंवा देशावरून जाणाऱ्याने एका दमात चोपता गाठू नये. उखीमठ सुमारे १,३०० मीटरवर आहे. तेथे एक रात्र काढावी. श्वास, हृद्रोग व रक्तदाबाच्या रुग्णांनी आधी तपासणी करून घ्यावी. उंचीवर डोके दुखणे, ओकारी, तोल जाणे अशी लक्षणे दिसल्यास बरोबरच्या औषधपेटीवर विश्वास न ठेवता त्या माणसास तत्काळ खाली उतरवावे. आपण वैद्य आहोत म्हणून हा नियम बदलत नाही.

दिवाळीच्या मागेपुढे तुंगनाथाचे दार बंद होऊन देवाची उत्सवमूर्ती मक्कूमठास येते, तेव्हा वरचा हंगाम संपला असे समजावे. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी खुले होते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चोपत्यास पोहोचावयाचे असेल, तर हरिद्वारची तिकिटे श्रावणातच काढावी लागतील आणि संशोधन केंद्राला पत्र आषाढात गेलेले बरे.