लाल गंज, काळा गंज

मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन महामार्ग द्वारका सर्कलला भेटतात. नाशिककर या चौकाचं नाव काढतो ते बहुधा वाहतूक कोंडीला शिव्या घालतानाच. पण त्या कोंडीत अडकलेल्या ट्रकच्या पोटाखाली जरा वाकून बघा. चाकांवर पोलादी पट्ट्यांची चळत दिसेल, तिला कमानपाटा म्हणतात. खड्डे खाऊन खाऊन पाटा तुटतो, भंगारात जातो, आणि त्यातला एखादा तुकडा घिसाड्याच्या पालावर पोचतो. त्या पोलादात अर्ध्या टक्क्याच्या आसपास कार्बन असतो. कोयत्याला हवा तेवढाच. भाता, ऐरण, घण, की झाला तयार. आग्रा रोडवर आयुष्य काढलेलं लोखंड पुढची वीस-तीस वर्षं उसात किंवा बांधावर घालवतं आणि शेवटी माळ्यावर जाऊन गंजत पडतं.

असा कोयता हाती लागला की पहिली ऊर्मी येते ती त्याला ग्राइंडर लावून चांदीसारखा चकचकीत करण्याची. इंटरनेटवरच्या व्हिडिओंनी ही हौस फार वाढवली आहे. माझं मत विचाराल तर जुन्या हत्याराचा याहून मोठा अपमान नाही. आणि शहाणपणही नाही, कारण उघडं पडलेलं ते चकचकीत लोखंड पहिल्या पावसातच पुन्हा तांबूस होतं.

गंज नेमका चढतो कसा, हे १९२०च्या दशकात केंब्रिजच्या उलिक इव्हान्स यांनी मिठाच्या पाण्याच्या एका थेंबात दाखवून दिलं. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर हा थेंब ठेवायचा. त्यात दोन रसायनं आधीच मिसळलेली असतात : एक विरघळलेलं लोखंड दिसलं की निळं होणारं, दुसरं अल्कली दिसली की गुलाबी होणारं. थोड्या वेळात थेंब मधोमध निळा आणि कडेला गुलाबी होतो. कडेला हवा जवळ, म्हणून ऑक्सिजन भरपूर. मध्यभागी त्याची चणचण. एवढ्याशा फरकावर थेंबाची बॅटरी होते. मधलं लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळतं, ते इलेक्ट्रॉन धातूतून कडेला धावतात, तिथे ऑक्सिजन ते उचलतो, आणि दोघांच्या मध्ये गंजाचं तांबडं कडं उमटतं. म्हणजे खड्डा पडतो तो थेंबाच्या पोटाखाली, जिथे ऑक्सिजन सर्वांत कमी आहे तिथे! जुन्या कोयत्यावर देवीच्या व्रणांसारखे जे बारीक खळगे दिसतात, ते असे कधीतरी बसून राहिलेल्या ओलाव्याचे पत्ते आहेत. इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिकडच्या हत्यारांवर या पत्त्यांना तोटा नाही.

लाल गंज मूळ लोखंडाच्या जवळपास तिप्पट जागा व्यापतो. तो फुगतो, त्याला चिरा पडतात, खपल्या सुटतात आणि त्या खपल्यांत पाणी धरून ठेवलं जातं, म्हणून तो थांबत नाही. पण लोखंड आणि ऑक्सिजन यांचाच एक दुसरा गंज आहे. तो काळा, दाट आणि धातूला घट्ट धरून बसणारा. लालाचा काळा करता येतो, आणि त्यासाठी लागतं फक्त उकळतं पाणी.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही ही थापच वाटली होती. मूठ काढून ठेवायची. सुटत्या खपल्या तारेच्या ब्रशने खरवडायच्या, कारण जाड थर आतपर्यंत बदलत नाही. धुण्याच्या सोड्याने तेलकटपणा घालवायचा. मग तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात पाणी उकळून त्यात पातं बुडवायचं. पाणी पावसाचं असलं तर उत्तम. बोअरच्या जड पाण्याने पांढरे डाग राहतात. वीस-तीस मिनिटं खळखळू द्यायचं. पाण्यात गेलेलं पातं विटकरी असतं. बाहेर येतं ते मखमली काळं. वरची सैल काजळी फडक्याने पुसून जाते, खालचा काळेपणा मात्र हलत नाही. एकोणिसाव्या शतकात बंदुकीच्या नळ्यांना रंग देणारे कारागीर मुद्दाम गंज चढवायचे, तो उकळायचे, पुसायचे, आणि पुन्हा गंज चढवायचे. थरावर थर.

या काळ्याचं नाव मॅग्नेटाइट. तो पाहायला प्रयोगशाळेत जायला नको. सह्याद्रीचा काळा कातळ त्याचे कण पोटात बाळगून आहे, आणि कातळ झिजून झालेल्या नदीच्या वाळूतही ते असतात. गोदावरीच्या कोरड्या वाळूत एखाद्या जुन्या स्पीकरमधला चुंबक फिरवून बघा, काळ्या कणांची मिशी लटकेल. कोयत्यावर डब्यात तयार झालं ते हेच.

उकळायची सोय नसेल तर हिरडा आहे. जुन्नर-भीमाशंकर पट्ट्यातले आदिवासी तो गोळा करतात. आपल्याला तो चूर्णाच्या डबीतून माहीत. त्यातलं टॅनिन गंजातल्या लोखंडाला धरतं आणि निळसर काळं संयुग बनतं. रंगारी हिरडा आणि हिराकस वापरून कापडाला काळा रंग देत, तीच ही गाठ. हिरड्याचा दाट काढा गंजावर फिरवला की तो डोळ्यांदेखत काळवंडतो.

आता धार. खरी जोखीम इथे आहे. लोहार पातं लाल तापवून पाण्यात बुडवतो तेव्हा पोलाद कडक होतं, पण काचेच्या जातीचं ठिसूळही होतं. म्हणून त्याला पुन्हा बेतानं तापवतात, आणि किती तापलं ते पोलाद स्वतःच रंगाने सांगतं. २२० अंश सेल्सिअसच्या सुमाराला फिकट गव्हाळी, २८०ला जांभळा, ३००ला निळा. कोरीव कामाच्या छिन्नीला गव्हाळीवर थांबायचं, कुऱ्हाडीला जांभळ्यावर, स्प्रिंगला निळ्यावर. हे रंग कुठल्याही रंगद्रव्याचे नव्हेत. केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढा गंजाचा पारदर्शक थर पृष्ठभागावर तयार होतो आणि त्याच्या वरून व खालून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो. थर वाढला की रंग बदलतो. पहिल्या पावसात द्वारकेच्या डबक्यावर सांडलेल्या डिझेलचं इंद्रधनुष्य दिसतं, त्याचंही कारण हेच.

ग्राइंडरवर नेमका घोटाळा होतो तो असा. धारेची कड पातळ, उष्णतेला पळायला जागा नाही. दोन सेकंदांत ती निळी पडते, आणि लोहाराने त्या कडेला दिलेला कडकपणा तिथल्या तिथे संपतो. निळा डाग घासून जातो, गेलेला कडकपणा परत येत नाही. म्हणून कानस आणि पाण्याचा दगड. वेळ लागतो, लागू द्यावा.

धार झाली की तेल. त्यात खोबरेल नको, ते २४ अंशांखाली थिजतं आणि निफाडची थंडी सगळ्यांना ठाऊक आहे. जवसाचं तेल अगदी पातळ पुसावं. ते पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक पापुद्रा बनतं. ज्याने लोखंड खाल्लं तोच आता त्यावर झाकण घालतो. मात्र तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. या क्रियेतून निघणारी उष्णता साचली तर ते आपोआप पेट घेतं. बाभळीची मूठ बसवा, काम झालं.

फक्त टोकाजवळची बोटभर जागा काळी ठेवू नका, उजळ घासा. तिला बागेत एक काम आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण करतात : मोरचूद आणि चुना. १८८५मध्ये मिलार्दे यांनी फ्रान्सच्या बोर्डो भागात ते पुढे आणलं. चुना कमी पडला तर पानं करपतात, आणि ते तपासायची जुनी रीत म्हणजे चकचकीत लोखंड मिश्रणात बुडवून बघणं. मोकळं तांबं उरलं असेल तर लोखंड पुन्हा आपले इलेक्ट्रॉन देऊन टाकतं, या खेपेला तांब्याला, आणि पात्याच्या टोकावर तांबूस थर चढतो. असं दिसलं की चुना वाढवायचा, पातं धुऊन पुसायचं आणि पुन्हा बुडवून बघायचं. उजळ राहिलं की फवारणीला हरकत नाही.