घरातील ब्रह्मा : ख्रिस्ती त्रैक्यकल्पना आणि बौद्ध कुटुंबदृष्टी

गेल्या वर्षावासात कराड येथे सिगालोवादसुत्तावर आमचे प्रवचन झाले. प्रवचनानंतर एका तरुण उपासिकेने प्रश्न विचारला. तिच्या आजोळची एक शाखा तीन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेली, दुसरी १९५६ नंतर बौद्ध झालेली. मामेबहिणीच्या विवाहात चर्चमधील पाळकांनी उपदेश केला, की कुटुंब हे परमेश्वराच्या त्रैक्याचे प्रतिबिंब होय. "सर, मग आपले कुटुंब कशाचे प्रतिबिंब आहे?" असे तिने विचारले. त्या वेळी दिलेले उत्तर आम्हालाच अपुरे वाटले. प्रस्तुत लेख हे त्या उत्तराचे पूर्ण रूप आहे.

सातारा-सांगली भागात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले. त्या काळी या परिसरात मिशनच्या शाळा आणि दवाखाने उभे राहत होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील काही घराणी माणुसकीच्या शोधात ख्रिस्ती झाली. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर त्यांच्याच भाऊबंदांनी बुद्धाचा मार्ग धरला. त्यामुळे एकाच पणजोबांची पणतवंडे आज विहारातही आहेत आणि चर्चमध्येही. आपल्याच नातलगांची श्रद्धा न समजता तिची टिंगल करणे जसे अयोग्य, तसेच ती ऐकून आपल्या घराला काही उणे आहे असे मानणेही अयोग्य. दोन्ही टाळावयाचे तर प्रथम ती श्रद्धा नीट समजून घेतली पाहिजे.

त्रैक्य म्हणजे काय?

ख्रिस्ती धर्म ईश्वर एकच मानतो. परंतु त्या एकत्वात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्ती आहेत असे तो सांगतो. इ. स. ३२५ ची निकिया येथील परिषद आणि ३८१ ची कॉन्स्टँटिनोपल येथील परिषद यांनी या सिद्धांताला रूप दिले. पुत्र हा पित्याने निर्मिलेला दुय्यम देव नव्हे. तो पित्याशी एकतत्त्व आहे, असा निकियाचा निर्णय होता.

या सिद्धांताविषयी आपल्याकडे तीन गैरसमज आढळतात. पहिला असा, की ख्रिस्ती लोक तीन देव मानतात. तसे नाही. दुसरा असा, की त्रैक्य म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश ही त्रिमूर्ती. तेथे उत्पत्ती, स्थिती आणि लय अशी कामांची वाटणी आहे. त्रैक्यात तशी वाटणी नाही. तिसरा गैरसमज आपल्याच काही वक्त्यांचा आहे. ते त्रैक्याची तुलना त्रिरत्नाशी करतात. बुद्ध, धम्म आणि संघ ही तीन शरणस्थाने आहेत. त्यांपैकी कोणीही सृष्टीचा कर्ता नाही आणि तिघांत मिळून कोणतेही शाश्वत तत्त्व वास करीत नाही. तीन या संख्येपलीकडे तेथे साम्य नाही.

त्रैक्यातील तिघांना एकमेकांपासून वेगळे करते ते केवळ त्यांचे परस्परांशी असलेले नाते. पुत्र आहे म्हणून पिता हा पिता आहे. सृष्टी निर्माण झाल्यावर ईश्वर प्रेम करू लागला असे नव्हे, तर प्रेम हे त्याच्या अस्तित्वातच अनादी आहे, असे ख्रिस्ती विचारवंत सांगतात. बायबलमधील उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मनुष्य ईश्वराच्या प्रतिरूपात, स्त्री आणि पुरुष असा, निर्माण झाल्याचे वर्णन आहे. ही दोन विधाने एकत्र ठेवली म्हणजे पाळकांच्या उपदेशाचे मूळ सापडते. ईश्वर एकाकी नाही, म्हणून त्याचे प्रतिरूप असलेला मनुष्यही एकाकी नाही; पती, पत्नी आणि अपत्य यांचे प्रेम त्या मूळ प्रेमाची छाया आहे, असा तो विचार होय.

उपमेचा इतिहास

ही उपमा ख्रिस्ती परंपरेत सर्वांनी निमूटपणे स्वीकारली असे मात्र नाही. चौथ्या शतकात नाझियांझसच्या ग्रेगरीने आदाम, हव्वा आणि त्यांचा पुत्र शेथ यांचे उदाहरण दिले. तिघांचा उगम तीन प्रकारांनी झाला, तरी मनुष्यत्व एकच. त्याचप्रमाणे त्रैक्यातही समजावे, एवढेच त्याला सांगावयाचे होते. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टिनने आपल्या त्रैक्यविषयक ग्रंथात पती, पत्नी आणि अपत्य ही उपमा नाकारली. मनुष्य ईश्वराचे प्रतिरूप आहे असे शास्त्र सांगते, तेव्हा अपत्य जन्मालाही आलेले नव्हते. मग तिघे मिळून प्रतिरूप कसे, हा त्याचा आक्षेप होता. त्याने त्रैक्याची खूण माणसाच्या मनात, म्हणजे स्मृती, बुद्धी आणि इच्छा यांत, शोधली. त्याच्या प्रभावामुळे पाश्चात्त्य चर्चमध्ये कुटुंबाची उपमा दीर्घकाळ मागे पडली.

विसाव्या शतकात ती पुन्हा पुढे आली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ मध्ये मेक्सिकोतील प्वेब्ला येथे ईश्वराचे अंतरंग हे एकाकीपण नसून कुटुंब आहे, अशा आशयाचे प्रवचन केले. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात हा विचार समाविष्ट झाला. १९९४ या आंतरराष्ट्रीय कुटुंब वर्षी पोपांनी कुटुंबांना लिहिलेल्या पत्रात तो विस्ताराने आला, आणि २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही त्याचा पुनरुच्चार केला. तथापि ईश्वर आणि मनुष्य यांत कितीही साम्य दाखविले, तरी त्यांतील भेद त्याहून मोठाच राहतो, हे १२१५ च्या लॅटरन परिषदेने घालून दिलेले बंधनही त्या परंपरेत कायम आहे.

या विचाराचे सामर्थ्य मान्य केले पाहिजे. त्रैक्यातील तिन्ही व्यक्ती समान आहेत. त्यामुळे ही उपमा प्रामाणिकपणे घेतली, तर घरात कोणी कोणाचा मालक राहू शकत नाही. पण याच उपमेचा उलट उपयोगही झाला आहे. पुत्र पित्याच्या आज्ञेत असतो, म्हणून पत्नीने पतीच्या आज्ञेत राहावे, असे काही प्रॉटेस्टंट लेखकांनी प्रतिपादन केले, आणि अशा प्रतिपादनाने निकियाचा समतेचा सिद्धांतच मोडतो, असे उत्तर अन्य ख्रिस्ती विद्वानांनी त्यांना दिले. आदर्श आकाशात ठेवला म्हणजे त्याचा अर्थ कोणी लावावयाचा, हा वाद पृथ्वीवर शिल्लक राहतोच.

टिळकांचे घर

उपमा आणि घर यांतील अंतर समजण्यासाठी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे उदाहरण उपयुक्त आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर त्या निर्णयाने आकाश कोसळले. काही वर्षे त्या दोघांची ताटातूट झाली. पुढे त्या पुन्हा पतीजवळ राहू लागल्या आणि १९०० मध्ये आपल्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे' मध्ये हा सर्व प्रवास त्यांनी विलक्षण सरळपणे नोंदविला आहे. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. तेथे बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचे एक मोठे कुटुंब त्यांना निर्माण करावयाचे होते. १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने ते कार्य अपुरे राहिले.

या घरात प्रेमाला तोटा नव्हता. तरीही धर्मांतराचा निर्णय एकाने केला आणि त्याची किंमत दोघांनी दिली. घर पुन्हा उभे राहिले ते कोणत्याही सिद्धांताने नव्हे, तर त्या दोघांच्या वर्तनाने. बुद्धाचे लक्ष नेमके याच ठिकाणी आहे.

धम्माची दिशा

अंगुत्तरनिकायात आणि इतिवुत्तकात सब्रह्मकसुत्त नावाचे एक छोटे सुत्त आहे. ज्या घरात मुले आईवडिलांचा आदर करतात, त्या घरात ब्रह्मा नांदतो, असा त्याचा आशय आहे. ब्रह्मा हे आईवडिलांचेच नाव होय. पहिले आचार्य आणि दान देण्यास योग्य व्यक्ती हीही त्यांचीच नावे होत. कारण ते अपत्यांना वाढवितात, पोसतात आणि जग दाखवितात.

बावीस प्रतिज्ञांतील पहिल्याच प्रतिज्ञेने ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानण्याचे नाकारणाऱ्या आमच्या वाचकांना येथे शंका येईल. परंतु सुत्तातील ब्रह्मा हा पूजावयाचा देव नव्हे. लोकांनी ज्या पदाला सर्वोच्च मानले होते, ते पद तथागतांनी रिकामे केले आणि तेथे ओव्या गाऊन मुलाला निजविणारी आई आणि घाम गाळणारा बाप यांना बसविले. त्रैक्याच्या उपमेत अर्थ वरून खाली येतो : ईश्वर मूळ, कुटुंब प्रतिबिंब. सब्रह्मकसुत्तात दिशा बरोबर उलटी आहे. येथे घर हेच मूळ आहे आणि ब्रह्मा हा शब्द घरातील माणसांकडून आपला अर्थ घेतो.

असे का, याचे उत्तर दीघनिकायातील तेविज्जसुत्तात आहे. ज्या ब्रह्म्याला कोणीही प्रत्यक्ष पाहिले नाही, त्याच्या सायुज्याचा मार्ग दाखविणाऱ्यांना तथागत विचारतात, की न पाहिलेल्याकडे जाण्याचा मार्ग तुम्हाला कसा ठाऊक? त्यानंतर ते मेत्ता, करुणा, मुदिता आणि उपेक्खा हे चार ब्रह्मविहार सांगतात. जे पाहता येत नाही त्याचे प्रतिबिंब पडताळता येत नाही. मेत्ता मात्र पडताळता येते.

सब्रह्मकसुत्तावरील अट्ठकथेने हे चार विहार आईवडिलांच्या ठायी दाखविले आहेत. बाळ गर्भात असताना ते सुखरूप जन्मावे अशी इच्छा, ही मेत्ता. ते रात्री रडू लागले की कासावीस होणे, ही करुणा. ते धावू-खेळू लागले की होणारा आनंद, ही मुदिता. आणि ते आपला संसार स्वतः चालवू लागले की त्याला मोकळे सोडणे, ही उपेक्खा. हा चौथा विहार विशेष महत्त्वाचा आहे. आपल्या घरांत पहिल्या तिहींची वाण नाही. मुलीने शिक्षण कोणते घ्यावे, मुलाने विवाह कोणाशी करावा, हे ठरविताना चौथा विहार मात्र आम्ही विसरतो.

सहा दिशा

सिगालोवादसुत्तात पूर्व दिशा आईवडील, दक्षिण आचार्य, पश्चिम पत्नी व मुले, उत्तर मित्र, खालची दिशा नोकर व कामकरी आणि वरची दिशा श्रमण-ब्राह्मण अशी मांडणी आहे. प्रत्येक नात्यात दोन्ही बाजूंना कर्तव्ये आहेत. पतीची पाच कर्तव्ये अशी : पत्नीचा सन्मान करणे, अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घराचा अधिकार तिच्या हाती देणे आणि तिला अलंकार देणे. चौथ्या कर्तव्यास पालीत 'इस्सरियवोस्सग्ग' असा शब्द आहे. त्याचा अर्थ सत्ता सोडणे असा होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहस्थांच्या विनयाला स्वतंत्र स्थान दिले, ते याच कारणाने.

या सहा दिशांत कुटुंब बंदिस्त राहत नाही. कामकरी आणि मित्रही त्यात आहेत. याचे महत्त्व कराड तालुक्यातील मसूर स्थानकाला ठाऊक आहे. १९०१ मध्ये बालक भीमराव, त्यांचे बंधू आणि बहिणीची मुले खटाव तालुक्यात नोकरीस असलेल्या वडिलांकडे निघाली आणि मसूरला उतरली. वडिलांनीच त्यांना बोलाविले होते. घरात प्रेम होते. पण मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा बदलला. गाडीवाल्यांनी दुप्पट भाड्यालाही नकार दिला. अखेर मुलांनी स्वतः बैल हाकावे आणि गाडीवानाने पायी चालावे, या अटीवर गाडी मिळाली. रात्रभर त्यांना पाणी मिळाले नाही. एक दिशा कितीही उजळ असली, तरी उरलेल्या दिशा काळोख्या असतील तर मूल तहानलेलेच राहते. म्हणून बाबासाहेबांचा बंधुभाव उंबरठ्यावर थांबत नाही.

आपल्या घरांचे काय?

प्राचीन काळी कराडला करहाकड म्हणत. रायगड जिल्ह्यातील कुडा लेण्यांत करहाकडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान कोरलेले आहे. त्याच लेण्यांत शिवम नावाच्या उपासकाच्या दानलेखात त्याच्या पित्याबरोबर मातेचे नाव आहे, पत्नी विजया आणि मुलगे यांनी करविलेल्या शिल्पकामाचा उल्लेख आहे आणि खांबांचे दान करणाऱ्या मुलींची नावेही आहेत. आई, पत्नी आणि मुलगी यांची नावे तेथे दगडात आहेत. आज आपल्या विहारांच्या देणगीफलकांवर ती किती असतात, हे प्रत्येकाने आपल्या गावी जाऊन पाहावे.

त्या उपासिकेला आता आमचे उत्तर असे आहे. तुझ्या मामेबहिणीच्या घरातील प्रेमाचा आदर कर. त्रैक्यातील समता ते घर खरोखर पाळत असेल, तर ते आपल्या शेजारीच चालत आहे. पण आपले कुटुंब कशाचेही प्रतिबिंब नाही. ते कारणांनी बनते, कर्तव्यांनी टिकते आणि हेळसांडीने मोडते. त्याला आकाशातील नमुन्याचा आधार नाही, म्हणून त्याच्या अपयशाचे खापर फोडण्यासही आकाशात कोणी नाही. ज्या घरात पतीने सत्ता सोडली नाही आणि आईवडिलांनी उपेक्खा शिकली नाही, त्या घरात त्रिसरण रोज म्हटले गेले, तरी सुत्तातील ब्रह्मा तेथे राहावयास आलेला नाही.